घण बाजूला ठेवा: ट्रकच्या पाट्यांसाठी स्वतः बनवायची अवजारं

ट्रकच्या पाट्यांचं, म्हणजे गाडीचा सांगाडा (चॅसी) आणि ॲक्सल यांच्यामधल्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, काम निघालं की वेळ नवे पाटे बसवण्यात जात नाही, जुनी पिन काढण्यात जातो. चार पावसाळे खाल्लेली शॅकल पिन (शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसीला लटकवणारी झुलती कडी) बुशात, म्हणजे तिच्याभोवतीच्या नळीत, अशी धरते की दोन माणसं आळीपाळीनं घण घालतात, तरी ती सूतभरही हलत नाही. थोड्या वेळानं पिनचं टोक फुलतं. मग ती खरोखरच अडकते, कारण फुललेलं टोक त्या भोकातून जाणारच नसतं. शेवटी गॅस कटर येतो. पिन कापली जाते, सोबत बुश जातो, कधी कधी चॅसीवरचं ब्रॅकेटही.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी महागडी हायड्रॉलिक यंत्रसामग्री लागतेच असं नाही. आटे पाडलेली जाड सळई, पाइपचे दोन-तीन तुकडे, जाड पट्टी आणि ओळखीचा लेथवाला एवढ्यावर बरीचशी अवजारं उभी राहतात. मात्र ती बनवण्याआधी एक गोष्ट नीट समजायला हवी: बळ कुठून निघतं आणि कुठे जाऊन थांबतं. मी याला बळाचा रस्ता म्हणतो. हा रस्ता डोळ्यांसमोर आला की कुठलं अवजार कसं बनवायचं ते आपोआप सुचत जातं, आणि कुठलं अजिबात बनवायचं नाही तेही कळतं.

घण मारला की काय होतं ते बघा. बळ पिनमध्ये शिरतं, पिनमधून बुशात, बुशातून पाट्यात आणि शॅकलमध्ये, तिथून ब्रॅकेटमध्ये आणि ब्रॅकेटच्या रिव्हेटांमधून चॅसीत. या वाटेवर जे जे हलू शकतं ते ते थोडं हलतं आणि आपापला वाटा खाऊन टाकतं. शॅकल डोलतं, पाटा लवतो. या सगळ्या जोडणीचं कामच मुळी धक्के गिळणं आहे; तिला धक्के देऊन पिन काढायला जाणं म्हणजे तिच्या स्वभावाशी भांडणं आहे. आटेवाल्या प्रेसमध्ये बळ पिनला ढकलतं आणि त्याचा उलटा रेटा त्याच शॅकलवर किंवा ब्रॅकेटवर येतो. रस्ता तिथल्या तिथे बंद होतो. चॅसीला, रिव्हेटांना काही कळतही नाही.

आधी भाग ओळखून घेऊ

मागच्या किंवा पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना पाट्यांचा एकेक संच असतो. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची टोकं गोल वळवून डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांत बुश दाबून बसवलेले असतात. एक डोळा पिनने थेट चॅसीच्या ब्रॅकेटला जोडलेला, तर दुसरा शॅकलमधून लटकलेला. शॅकल का लागतं? माल भरला की कमानदार पाटा सपाट होतो, आणि सपाट झाला की त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर वाढतं. तेवढी जागा शॅकल मागेपुढे झुलून देतं. पिन बुशात गंजून घट्ट झाली की हे झुलणं थांबतं, आणि पाटा अशा ठिकाणी वाकायला लागतो जिथे त्यानं वाकायचं नसतं. वरचेवर डोळ्याजवळ तुटणाऱ्या मेन पाट्याच्या मागे पुष्कळदा न फिरणारी पिन असते.

संचाच्या मधोमध सगळ्या पाट्यांतून जाणारा सेंटर बोल्ट. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या खड्ड्यात बसतं आणि ॲक्सल जागेवर आहे की नाही ते तोच ठरवतो. पाटे ॲक्सलला बांधून धरण्याचं खरं काम मात्र इंग्रजी यू अक्षरासारखे यू बोल्ट करतात. यू बोल्ट सैल झाले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, ॲक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते. मागून येणाऱ्याला ते लगेच दिसतं, चालवणाऱ्याला फक्त टायर घासल्यावर.

भार किती असतो त्याचा अंदाज असावा. चार टायरच्या एका ॲक्सलवर कायद्यानं चालणारं वजन २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टन झालं. म्हणजे एका बाजूच्या पाट्यांच्या वाट्याला साधारण पाच-साडेपाच टन. गाडी रिकामी असली तरी पाट्यांत ताण शिल्लक असतोच.

जे बनवायचं नाही ते सगळ्यात आधी

गाडी उचलून धरणारं काहीही घरी बनवू नका. पिन काढायची प्रेस मोडली तर अवजार मोडतं, काम अडतं. गाडीखालची घोडी, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी आधार, मोडली तर माणूस जातो. इथे बळाचा रस्ता तुमच्या छातीवरून जातो, म्हणून बाकी सगळीकडे चालणारा जुगाड इथे बंद. चाकाच्या जुन्या रिमा एकावर एक रचून, विटांवर, तेलाच्या पिंपावर गाडी टेकवलेली महामार्गाच्या कडेला हमखास दिसते. वीट दाबाखाली आधी इशारा देत नाही, एकदम फुटते. रिम गोल असते आणि तेलकट फरशीवर सरकते. घोड्या विकतच घ्या, त्यांच्यावर लिहिलेली क्षमता वाचा, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लागेपर्यंत हातसुद्धा घालू नका.

एक अपवाद आहे. लाकडी स्लीपरचे सरळ कापलेले तुकडे, दोन लांबीत जमिनीवर टेकवलेले, त्यावर दोन आडवे, अशा रचनेची चौकट चॅसीखाली दुसरा आधार म्हणून चांगली राहते. लाकूड तुटण्याआधी करकरतं, चेपतं, वेळ देतं. चौकटीची उंची तिच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ देऊ नये. आणि जमिनीवरच राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, तेही तिरके कापलेले, नुसते उभे दगड नव्हेत.

याच यादीत आणखी एक. मागच्या ॲक्सलवर हवेच्या ब्रेकचे जे डबे असतात, त्यांतल्या पार्किंग ब्रेकच्या डब्यात दाबून ठेवलेली फार ताकदीची स्प्रिंग असते. पाट्यांच्या कामात तो डबा अडचणीत येतो म्हणून उघडायला जाऊ नका. त्यासाठी घरगुती अवजार नाही आणि नसावं.

पिन काढायची प्रेस

आता मुख्य गोष्ट. आट्यांमध्ये किती ताकद असते याची बहुतेकांना कल्पना नसते. अर्ध्या मीटर लांबीच्या पान्यावर तुम्ही ४० किलोचा जोर लावला, तर २० मिमीच्या बोल्टमधून जवळपास पाच टनांचा दाब निघतो, आणि तोही कोरड्या आट्यांमधून. आट्यांना चांगलं ग्रीस लावलं की तोच आकडा साडेसहा टनांच्या आसपास जातो. कुठलाही पैलवान घणाने इतकं बळ टिकवून धरू शकत नाही. घणाचं बळ क्षणभर येतं आणि जातं. आट्यांचं बळ लावून ठेवता येतं. पिनवर दाब ठेवून ब्रॅकेटच्या बाजूला हलक्या हातोड्याने टकटक करा, गंज सुटतो आणि ‘टक्’ असा आवाज होऊन पिन हलते. दाब आणि कंपन एकत्र लागतात तेव्हा अडकलेली वस्तू सुटते, नुसत्या एकानं नाही.

प्रेसचे दोन आकार प्रचलित आहेत. एक इंग्रजी सी अक्षरासारखा, एका बाजूनं उघडा. दुसरा दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या दोन सळयांचा चौकोन. सीचा आकार कमी जागेत जातो म्हणून सगळ्यांना आवडतो, पण तो बनवायला कठीण आहे. बळ एका बाजूला लागत असल्यामुळे सी उघडायला बघतो आणि त्याच्या पाठीत मोठा वाक येतो. पाच टनांसाठी आणि ८० मिमी खोल तोंडासाठी गणित केलं, तर २५ मिमी जाड आणि ७५ मिमी रुंद पाठ साध्या लोखंडात जवळजवळ कायमची वाकण्याच्या हद्दीवर येते. पाठ १०० मिमी रुंद केली की मग जरा निवांत. वाकण्याच्या बाबतीत रुंदी दुप्पट झाली तर ताकद चौपट होते, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून सी बनवायचाच असेल तर जाड प्लेट शोधण्यापेक्षा रुंद प्लेट शोधा, आणि तो एकाच प्लेटमधून कापून घ्या. तीन तुकडे वेल्ड करून केलेला सी मला पटत नाही. त्याचे आतले कोपरे हेच सगळ्यात जास्त ताणाचे, आणि वेल्डिंग नेमकं तिथेच येतं.

दोन सळयांचा चौकोन जास्त चांगला. त्यात सळया फक्त ओढल्या जातात, वाकत नाहीत, आणि लोखंड सरळ ओढ उत्तम सोसतं. २० मिमीच्या दोन सळया घेतल्या तर पाच टनांतले अडीच-अडीच टन प्रत्येकीच्या वाट्याला येतात. बाजारातली साधी आटेवाली सळई सुमारे सहा टनांपर्यंत ताणून वाढत नाही, म्हणजे दुपटीहून जास्त राखीव ताकद उरते. वाक येतो तो आडव्या पट्ट्यांना. सळयांमधलं अंतर १५० मिमी असेल तर ७५ मिमी रुंद पट्टीला २५ मिमी जाडी अपुरी पडते. मधल्या भोकाचा विचार केला की ४० मिमी घ्यावी लागते. एवढी जाड पट्टी भंगारात मिळते. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी किंवा कुठल्याही औद्योगिक वसाहतीशेजारी कापून उरलेले तुकडे वजनावर विकत देतात.

मधला दाबणारा बोल्ट मात्र साधा नको. डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला बोल्ट घ्या. २० मिमीचा असा बोल्ट १५ टनांच्या आसपास भार सोसतो, साधा सहा टनांतच आकार सोडू लागतो. आकार सोडलेल्या बोल्टचे आटे नटात अडकतात आणि मग पिनऐवजी प्रेसच सोडवत बसावं लागतं. बोल्टच्या टोकाला लेथवर छोटा गोल खड्डा पाडून घ्या, त्यात बेअरिंगची एक गोळी ग्रीसमध्ये बसवा, आणि तिच्यापुढे पिनपेक्षा एक-दोन मिमी कमी व्यासाचा दांडा ठेवा. गोळीमुळे बोल्ट फिरतो पण दांडा फिरत नाही, आणि दाब सरळ रेषेत राहतो. पलीकडच्या पट्टीला पिन आरपार जाईल इतकं मोठं भोक हवं. हे सांगायची गरज का, तर पिन निम्मी बाहेर आल्यावर पट्टीला टेकलेली मी अनेक प्रेसमध्ये बघितली आहे.

दाब देण्याआधी दोन गोष्टी. पिनच्या टोकाचं ग्रीस भरायचं निप्पल काढा, नाहीतर ते पहिल्याच दाबात मोडतं. आणि पिन जागेवर धरणारा आडवा लॉक बोल्ट पूर्ण बाहेर काढा, नुसता सैल नको. बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट पिनवरच्या अर्धगोल खाचेतून जातो. तो आत असताना प्रेस फिरवलीत तर पिन, बोल्ट आणि ब्रॅकेट तिन्ही बिघडतात. आदल्या संध्याकाळी पिनभोवती गंज सोडवणारं तेल किंवा नुसतं डिझेल सोडून ठेवलं तर सकाळचं काम निम्मं होतं. गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पिन आणि बुश यांच्यातल्या केसभर फटीत तो पाचरीसारखा भरतो. तेलाला त्या फटीत शिरायला वेळ लागतो, जोर नव्हे.

आट्यांऐवजी चौकटीत बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक बसवायचा मोह होतो. तोही चालतो, पण एका अटीवर: जॅकची क्षमता चौकटीच्या ताकदीपेक्षा कमी असली पाहिजे. पाच टनांच्या चौकटीत वीस टनांचा जॅक घातला तर हाताला काहीच जाणवत नाही आणि चौकट फुटते. पान्याला हात असतो, तो जड लागला की कळतं. जॅकच्या दांड्याला तसं काही कळत नाही. शिवाय आडवा वापरताना पंपाची बाजू खाली ठेवावी लागते, नाहीतर तो तेलाऐवजी हवा ओढतो.

बुश ओढायचं अवजार

हे सगळ्यात सोपं, आणि माझ्या मते प्रत्येक गॅरेजमध्ये पहिलं बनवायला हवं ते हेच. एक आटेवाली सळई, दोन नट, जाड वॉशर, एका बाजूला पाइपचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला एक गोल चकती. सळई बुशातून आरपार घालायची. चकती बुशाला ढकलते, पाइप पाट्याच्या डोळ्यावर टेकतो आणि बुश पाइपच्या पोटात येऊन पडतो. बळाचा रस्ता इथे इतका आखूड आहे की हे काम गाडीखाली झोपूनही करता येतं.

सगळी कला मापांत आहे. चकतीचा व्यास बुशाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा सुमारे एक मिमी कमी. जास्त कमी केला तर ती बुशाच्या आत घुसते, बुशाइतकाच केला तर डोळ्यात अडकते. पाइपचा आतला व्यास बुशापेक्षा दोन-तीन मिमी जास्त, आणि पाइपची कड लेथवर काटकोनात घासलेली. हाताने ग्राइंडर मारून केलेली कड एका बाजूला जास्त टेकते आणि बुश तिरका धरतो. पाइपची लांबी बुशापेक्षा बोटभर जास्त.

पान्यावर लावलेल्या जोरातला बराच मोठा वाटा, जवळजवळ नव्वद टक्के, घर्षणात जातो. त्यातला निम्म्याच्या आसपास नटाच्या बुडाशी, उरलेला आट्यांमध्ये. प्रत्यक्ष ओढायला राहतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून नटाखाली एक थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे सळईच्या दिशेनं येणारा दाब सोसणारं बेअरिंग, घाला. किंग पिनचं (पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या पिनचं) काम करताना काढून टाकलेलं जुनं बेअरिंग यासाठी उत्तम. गाडीला ते निकामी झालेलं असलं तरी या सावकाश फिरणाऱ्या नटाला पुरतं. बुडाचं घर्षण गेलं की त्याच जोरात जवळपास दुप्पट ओढ मिळते. पण मग सळईवरचा ताणही दुप्पट होतो, हे विसरायचं नाही. बेअरिंग लावलं की सळई ८.८ प्रतीचीच घ्या.

नवा बुश बसवताना तेच अवजार उलटं लावायचं. सळई मधोमध असल्यामुळे बुश सरळ जातो. त्याआधी ग्रीसचं भोक डोळ्याच्या भोकासमोर आणून खडूने खूण करा. एकदा बुश आत गेला आणि भोक फिरलं, तर ग्रीस गन कितीही दाबा, पिनपर्यंत काही पोचत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हीच पिन. पातळ बुश दाबून बसवल्यावर आतून किंचित आवळतो; पिन हाताने जात नसेल तर रीमर (भोक किंचित मोठं करायचं अवजार) फिरवून घ्यावा, घण मारून पिन घालू नये. रबरी बुश असेल तर त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच शेवटचे आवळायचे. हवेत लटकत्या पाट्यावर आवळले तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पिन बाहेरून ओढायची असेल आणि मागून दाबायला जागाच नसेल, तर सरकता हातोडा करतात: लांब दांडा, त्यावर मागेपुढे सरकणारं पाच किलोचं वजन, शेवटी अडवणारी जाड चकती. वजन जोरात ओढून चकतीवर आपटलं की दोन टनांच्या घरातला झटका बसतो. दांडा पिनच्या निप्पलच्या आट्यांत बसवतात, आणि तीच त्याची मर्यादा, कारण ते आटे बारीक असतात. थोड्या अडकलेल्या पिनसाठी ठीक, गंजून बसलेल्या पिनसाठी नाही.

पाट्यांचा संच उघडताना

सेंटर बोल्टचा नट काढला की पाटे उसळतात. हे का होतं ते कळलं तर कोणी पुढ्यात उभं राहणार नाही. संचातले आखूड पाटे मेन पाट्यापेक्षा जास्त वाकडे बनवलेले असतात. मोकळे ठेवले तर त्यांच्यात फट राहते. सेंटर बोल्ट आवळून ती फट मिटवलेली असते, म्हणजे गाडीवर भार नसतानाही संचात ताण कोंडलेला असतो. गंजलेला नट शेवटच्या दोन आट्यांवर आला की तो ताण एका क्षणात सुटतो.

उपाय सोपा. १६ ते २० मिमी जाडीच्या पट्ट्यांचे चार तुकडे, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना भोक, आणि चार लांब बोल्ट. एक पट्टी वर, एक खाली, असे दोन क्लॅम्प सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना आवळायचे. मग सेंटर बोल्ट काढायचा आणि क्लॅम्पचे नट एकेक फेरा, आळीपाळीनं सोडायचे. उघडण्याआधी संचाच्या बाजूला रंगाने एक तिरकी रेघ मारा. जोडताना पाटे उलटसुलट झाले तर रेघ तुटलेली दिसते.

क्लॅम्प आणि पाट्याच्या मध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, निदान लाकडाची फळी ठेवा. पाट्याच्या वरच्या, म्हणजे कमानीच्या आतल्या बाजूला भाराखाली ताण येतो, आणि त्या पृष्ठभागावर कारखान्यात बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करून त्याला मजबुती दिलेली असते. तिथे क्लॅम्पचा दात किंवा ग्राइंडरची रेघ उमटली, तर भेग तिथूनच सुरू होते. ती लगेच दिसत नाही. पुढे कधीतरी घाटात, भरल्या गाडीखाली दिसते.

जोडताना भोकं एका रेषेत आणायला गाइड पिन करून घ्या. सेंटर बोल्टच्याच जाडीचा, पण लांब आणि पुढे निमुळता केलेला दांडा, त्याच्या मागच्या भागाला आटे. तो सगळ्या पाट्यांतून घालून क्लॅम्प आवळत यायचं, पाटे टेकले की दांडा काढून खरा सेंटर बोल्ट. बोट घालून भोक चाचपणं कधीही नको.

भंगारातलं पोलाद आणि वेल्डिंग

जुन्या पाट्यांपासून लोहार कोयते, विळे, पहारी करतात, आणि ते योग्यच आहे. पाट्याचं पोलाद ८५०–९०० अंशांना तापवून तेलात विझवलेलं आणि मग पुन्हा ४००–५०० अंशांवर आणून चिवट केलेलं असतं. म्हणून जुन्या पाट्याची पहार उत्कृष्ट होते. पण त्याच पाट्यावर वेल्डिंग करून अवजार बनवू नका. वेल्डच्या शेजारची पट्टी झटकन थंड होऊन काचेसारखी ठिसूळ बनते आणि वेल्डला धक्का न लागता त्याच्या कडेनं तुटते. प्रेसच्या पट्ट्या, चकत्या, क्लॅम्प हे साध्या लोखंडाचेच करा. साधं लोखंड आधी वाकतं, मग तुटतं. ते वाकलेलं डोळ्यांना दिसतं.

जुन्या किंग पिनचा सुंबा, म्हणजे घणाखाली धरून ठोकायचा दांडा, म्हणून वापर सर्रास होतो. तो थांबवायला हवा. किंग पिनचा वरचा थर मुद्दाम फार कडक केलेला असतो. त्यावर कडक घण पडला की कपची उडते आणि ती डोळ्यात जाते. ज्यावर घाव घालायचा ती वस्तू मऊ हवी: पितळी किंवा साध्या लोखंडाचा दांडा. आणि चष्मा, तो खिशात नको, डोळ्यांवर.

वेल्डिंग करावंच लागलं तर जोड असा रचा की वेल्ड फक्त तुकडा जागेवर धरेल, भार तुकड्यांनी एकमेकांवर टेकून पेलावा. नट पट्टीला वेल्ड करायचा तर दाब येईल त्या बाजूच्या उलट नको. दाबाने नट पट्टीवर बसला पाहिजे, पट्टीपासून उखडायला नको.

गॅसने तापवण्याबद्दल थोडं. ४० मिमीचं भोक २०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.१ मिमी मोठं होतं, पण गंज सोडवायला तेवढं पुरतं. तापवायचं ते ब्रॅकेट किंवा शॅकल, पाट्याचा डोळा नाही. डोळा जास्त तापला की त्याचं दिलेलं पाणी उतरतं. आणि शेजारून जाणारे हवेचे नायलॉन पाइप, डिझेलची टाकी, ग्रीसचे गोळे हे सगळं आधी बघून घ्या.

आवळणं आणि तपासणं

यू बोल्ट किती आवळायचे हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, पण मोठा टॉर्क पाना (नट पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा) फार थोड्या ठिकाणी असतो. त्याला चांगला पर्याय आहे. पान्याला पाइप लावा, नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण करा, आणि त्या खुणेला सामान मोजायचा लटकता वजनकाटा अडकवून ओढा. काट्यावर ४० किलो दिसले की नटावर ४० किलोग्रॅम गुणिले मीटर, म्हणजे सुमारे ३९० न्यूटन-मीटर टॉर्क आला. काटा पाइपला काटकोनात ओढला पाहिजे. तिरका ओढला तर आकडा खोटा येतो. पाइप दीड मीटरचा असेल तर काट्यावरचा आकडा दीडपट धरायचा. पुस्तकातला आकडा स्वच्छ आट्यांसाठी असतो, म्हणून गंजलेल्या आट्यांवर हा हिशोब फसतो. त्यासाठी आणि ताणलेल्या जुन्या बोल्टच्या भीतीसाठी यू बोल्ट आणि नट दरवेळी नवे घालावेत. चार नट समोरासमोरचे, तिरके, तीन-चार टप्प्यांत आवळायचे. एकच बाजू आधी घट्ट केली तर पाटे तिरके बसतात.

ॲक्सल सरळ बसला की नाही ते बघायला गवंड्याचा ओळंबा, खडू आणि टेप पुरतो. सपाट फरशीवर गाडी उभी करा. दोन्ही बाजूंच्या पुढच्या ब्रॅकेटच्या पिनच्या मध्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा, मग ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच जागेवरून. चार खुणा मिळतात. डावी-उजवी अंतरं सारखी, आणि दोन्ही कर्ण सारखे असतील तर ॲक्सल काटकोनात आहे. कर्णांत फरक दिसला तर सेंटर बोल्टचं डोकं खड्ड्यात नीट बसलेलं नाही असं समजून यू बोल्ट पुन्हा सैल करा. गाडी खाली सोडून, माल भरून काही शे किलोमीटर चालवल्यावर यू बोल्ट पुन्हा एकदा त्याच काट्यानं आवळायचे, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना संचाची जाडी किंचित कमी होते आणि नट तेवढेच सैल पडतात.